जुनी स्प्रिंगची खुर्ची नव्याने भरायची आहे: काथ्या, कापूस की फोम?

अवनी_के

नमस्कार मंडळी. सासरी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. लाकडी हात, पाठ जराशी मागे कललेली, सीट आणि पाठ दोन्ही भरलेल्या. वरचं रेक्झिन फाटलंय आणि त्यातून काथ्या डोकावतोय. बसलं की डाव्या बाजूला स्प्रिंग टोचते. घर अलिबागला, म्हणजे पावसाळ्यात सगळंच दमट. खुर्ची सासूबाईंची. वय ७४, गुडघे कुरकुरतात, पण सकाळचा पेपर आणि संध्याकाळच्या मालिका याच खुर्चीत.

दोन कुशनवाल्यांना दाखवली. पहिले म्हणाले, "ताई, हे सगळं काढून टाकू, खाली प्लाय मारू, वर चार इंच फोम. संध्याकाळी घेऊन जा." दुसरे वयस्कर आहेत. ते म्हणतात स्प्रिंगा चांगल्या आहेत, नवार बदला, काथ्या नवा घाला, वर कापूस. त्यांना वेळ लागेल आणि पैसेही जास्त.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा फोमवाला. सासूबाई म्हणतात, "फोमवर बूड तापतं." (शब्द त्यांचेच.)

कोणी अशी खुर्ची भरून घेतली आहे का? आणि फोम घ्यायचाच तर ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी, एचआर असं जे सांगतात त्याचा अर्थ काय?

नानांची_टवाळकी

सासूबाईंच्या एका वाक्यात निकाल लागलेला आहे. पुढचे प्रतिसाद ही निव्वळ औपचारिकता.

थालीपीठ

फोम. डोळे झाकून फोम. काथ्याचा भुसा घरभर पडतो, कापसाचे गोळे होतात, स्प्रिंगा कुरकुरतात. आपण २१व्या शतकात आहोत. चांगल्या कंपनीचा ४० डेन्सिटी घ्या आणि विषय संपवा.

दाभणकर

थालीपीठ, इतक्या लवकर संपवू नका हो. आमच्या घरात हा धंदा काकांपर्यंत होता, मी नोकरीत गेलो. पण सुट्टीत दुकानात बसून नवार ओढलेली आहे, त्यामुळे थोडं लिहितो.

अवनीताई, वर काय भरायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, खाली काय आहे? अशा खुर्चीची बांधणी खालून वर अशी असते: चौकटीला नवारीच्या पट्ट्या आडव्याउभ्या विणून, ताणून ठोकलेल्या. त्यांच्यावर स्प्रिंगा दाभणाने शिवलेल्या. स्प्रिंगांची वरची तोंडं सुतळीने आठही दिशांनी बांधून एका पातळीत दाबलेली. त्यावर गोणपाट. गोणपाटावर काथ्या, आणि त्याच काथ्याची समोरच्या कडेला घट्ट शिवलेली वळकटी, म्हणजे मांडीखाली लाकूड लागत नाही. मग कापसाचा पातळ थर, मांजरपाट, आणि सगळ्यात वर कापड किंवा रेक्झिन.

खुर्ची "बसली" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा स्प्रिंग मेलेली नसते. नवार सैल पडलेली असते किंवा सुतळी तुटलेली असते. स्प्रिंग पोलादाची आहे, तिला काही होत नाही. सुतळी तुटली की ती तिरकी होते आणि मग टोचते. उलटी करून खालचं कापड फाडा आणि बघा. नवार लोंबत असेल तर वर सोन्याचा कापूस भरला तरी खड्डा पडणारच.

पहिल्या कारागिराने सांगितलेला प्लायचा मार्ग वाईट नाही. पण एक हिशोब करा. चौकटीची उंची समजा १३ इंच असेल, तर स्प्रिंगा आणि भरण मिळून सीट १८ इंचांवर येत असणार. प्लायवर चार इंच फोम म्हणजे १७, आणि माणूस बसल्यावर फोम दबून १५. गुडघेदुखीच्या माणसाला हे तीन इंच फार असतात. हात त्याच उंचीवर राहतात, सीट खाली जाते, मग उठताना खांदे कानाला लागतात.

चिमणचारा

दाभणकर, हा उंचीचा मुद्दा लाखमोलाचा. माझ्या आईच्या खुर्चीचं अगदी असंच झालं. दिसायला सुरेख, पण आई त्यातून उठायला हाका मारते. आता वर एक उशी टाकून बसते आणि ती उशी घसरते.

अवनी_के

बाप रे, उंची हा विचारच केला नव्हता. आज मोजते. डेन्सिटीचं कोणी सांगेल का?

पेठकर_इंजिनिअर

मी सांगतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. बस, एवढंच. यात मऊ-कडकचा काही संबंध नाही. ४० डेन्सिटीत मऊ फोमही मिळतो आणि कडकही. फोम किती लवकर दबतो ते कडकपणावर, आणि किती वर्षं टिकतो ते बऱ्याच अंशी डेन्सिटीवर. दुकानदार या दोन गोष्टींची भेळ करून सांगतात, "साहेब ४० घ्या, एकदम हार्ड." तसं काही नसतं.

एचआर म्हणजे हाय रेझिलियन्स. याची जाळी एकसारखी नसते, लहानमोठ्या पेशींची असते. त्यामुळे बसल्यावर आधी मऊ लागतो, आणि खोल दबताना जोर करतो. साध्या फोमपेक्षा उसळी जास्त. दुकानात घरगुती परीक्षा करायची असेल तर फूटभर उंचीवरून काचेची गोटी सोडा. एचआरवर ती अर्ध्याहून वर उसळायला हवी. साध्यावर निम्म्याच्या खालीच राहते.

आणि फसवणूक टाळायची असेल तर वजनकाटा. २२ बाय २२ इंच, ४ इंच जाड असा तुकडा ३२ डेन्सिटीचा असेल तर साधारण १ किलो भरतो. ४० चा असेल तर सव्वा किलो. ७०० ते ७५० ग्रॅम भरला तर तो २३ च्या आसपासचा आहे, मग त्यावर छापलेलं काहीही असो. स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

थालीपीठ

बघा, विज्ञान फोमच्या बाजूने आहे.

कोकणकडा

पेठकर, काट्याची युक्ती झकास, पण तिला एक छिद्र आहे. स्वस्त फोममध्ये चुनखडीची भुकटी मिसळतात. वजन वाढतं, काटा खूश, आणि वर्षभरात बूड टेकतं. असा फोम बोटांत चोळून बघा, पांढरी पूड सुटते, आणि चिमटीत धरून ओढला की पटकन फाटतो. चांगला फोम ताणला जातो. वजन, उसळी आणि चिमटा असं तिन्ही बघा.

पेठकर_इंजिनिअर

मान्य. म्हणूनच गोटीही सांगितली होती. भुकटीवाल्या फोमवर ती उसळत नाही.

नानांची_टवाळकी

उद्या पुण्याच्या बोहरी आळीतल्या बाजारात पेठकर एका हातात वजनकाटा आणि दुसऱ्या हातात गोट्या घेऊन उभे. दुकानदार शटर ओढतोय.

वऱ्हाडी_कापूस

अरे कापसाची बाजू कोणी घेऊनच नाही राहिलं! आम्ही यवतमाळचे. लहानपणी दिवाळीआधी पिंजारी घरी यायचे. अंगणात गाद्या फोडायच्या, धनुकलीचा तो टंग टंग आवाज, सगळं अंगण पांढरं, आणि आई ओरडायची की तोंडाला रुमाल बांधा. दबलेला कापूस पिंजला की दुप्पट फुगायचा. तोच कापूस, फक्त मोकळा झालेला. फोमला पिंजता येते का? एकदा बसला की बसला.

कापूस घ्यायचा तर एक लक्षात ठेवा. लांब धाग्याचा मऊमऊ कापूस सुताला. गादीला आखूड धाग्याचा जाडा देशी कापूस बरा, तो लवकर चापट होत नाही. आणि सरकीची कवडी, पानाचा कचरा काढलेला पाहिजे. कचरा राहिला तर टोचतो आणि किडेही येतात.

दाभणकर

वऱ्हाडीभाऊ, गादीसाठी शंभर टक्के मान्य. पण खुर्चीच्या ठोकलेल्या सीटमध्ये कापूस दर वर्षी पिंजायचा कसा? चुका (बारीक खिळे) उपटायच्या, कापड काढायचं, पुन्हा ठोकायचं. लाकडाला तेवढी भोकं सोसत नाहीत. ठोकलेल्या सीटमध्ये कापूस फक्त वरचा पातळ थर म्हणून, काथ्याची टोकं वर येऊ नयेत एवढ्यासाठी. सुटी, चेनची गादी असेल तर मग पूर्ण कापसाची चालते. दर महिन्याला ऊन दाखवा, वर्षादोनवर्षांनी पिंजून घ्या.

वऱ्हाडी_कापूस

हे बरोबर बोलले. मग सुटीच करा ना गादी! ठोकायला कोणी सांगितलं?

मालवणी_मसालो

अलिबागच्या हवेत पूर्ण कापूस नको गो बाय. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन दाखवायचं म्हणजे कुठलं ऊन? कापूस ओल धरतो, मग तो कुबट वास. आमच्याकडे उशांसाठी सावरीचा कापूस वापरतात. तो पाणी धरत नाही, पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये तोच भरायचे. डोक्याखाली स्वर्ग आहे. पण सीटमध्ये घालू नका. त्याचे तंतू ठिसूळ, रोजच्या वजनाखाली मोडतात आणि त्याची पूड होते. पाठीला मात्र चालेल, पाठीवर एवढा भार येत नाही.

आणि काथ्याला नावं ठेवणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला या, नारळाच्या सोडणापासून काय काय करतात ते बघा. काथ्या कुजायला वेळ लागतो, हवा खेळती राहते. दमट हवेत तोच शहाणा.

चिमणचारा

सावरीचा कापूस काढताना तो घरभर उडतो, हे कोणी सांगत नाही. आमच्या मांजराने एक उशी फोडली होती. अजून पंख्यावर सापडतो.

पर्वरीकर

गोव्यातून एक वेगळाच सूर. हे भरण-बिरण कशाला? आमच्या जुन्या घरांतल्या खुर्च्या बघा, सीट आणि पाठ वेताच्या जाळीची. दमट हवेत घाम नाही, बुरशी नाही, ढेकूण लपायला जागा नाही. वेत सैल पडला की खालून ओल्या फडक्याने भिजवून वाळू द्या, पुन्हा ताणला जातो. वर पातळ गादी टाका, संपलं. चौकट सागवानी आहे तर आतल्या बाजूला खाच पाडून वेत बसवता येईल.

दाभणकर

पर्वरीकर, वेत उत्तमच, पण ही चौकट स्प्रिंगेसाठी बनवलेली आहे. तिचे सीटचे आडवे दांडे खाली असतात आणि आतल्या बाजूचं लाकूड ओबडधोबड ठेवलेलं असतं, कारण ते झाकलंच जाणार असतं. वेत लावायचा तर दांडे वर घ्यावे लागतील. म्हणजे सुताराने खुर्ची नव्याने करायची.

उंबरठा

मला कोणी सांगेल का की जुना काथ्या पुन्हा वापरता येतो का? दुसरे कारागीर म्हणाले "नवा घाला", पण आमच्याकडच्यांनी जुनाच झटकून पुन्हा भरला.

कोकणकडा

ढेकूण! ढेकूण! ढेकूण! जुन्या खुर्चीतला काथ्या झटकून भरणं म्हणजे पाहुण्यांना पुन्हा पाटावर बसवणं. शिवणीत, नवारीच्या घडीत, चुकांच्या डोक्याखाली त्यांची अंडी असतात. भरण सगळं बाहेर काढा आणि घराबाहेर घालवा, नुसती चौकट उरू द्या. मग चौकटीच्या प्रत्येक सांध्यात उकळतं पाणी किंवा वाफ, दोनतीन दिवस कडक ऊन, आणि लागलीच वाळवीचं औषध. पॉलिश असेल तिथे वाफ जपून, पांढरे डाग पडतात.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये जुन्या खुर्च्यांत घोड्याच्या शेपटीचे आणि आयाळीचे केस भरलेले सापडतात. ते मात्र फेकत नाहीत. धुऊन, पिंजून, सुकवून पुन्हा भरतात. केसाला मुद्दाम पीळ देऊन कुरळा केलेला असतो, त्यामुळे शंभर वर्षांनीही उसळी मारतो. ब्रिटिशकालीन बंगल्यातून आलेल्या खुर्च्या भारतातही असतात, तेव्हा अवनीताई, काळा कुरळा केस निघाला तर कचऱ्यात टाकू नका.

आणि एक वय ओळखायची खूण. पॉलियुरेथेनचं, म्हणजे आजच्या साध्या फोमचं, रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलं, पण त्याचा मऊ फोम बाजारात आला तो १९५० च्या दशकात. त्याआधीचा फोम म्हणजे रबराच्या चिकाचा, तो १९२९ मध्ये बर्मिंगहॅमला डनलपच्या लोकांनी चीक फेटून फेटून केला. म्हणून खुर्ची स्वातंत्र्याआधीची आहे असं सांगत असतील आणि आत पॉलियुरेथेनचा फोम निघाला, तर ती मध्ये कधीतरी एकदा भरलेली आहे.

फोमवाल्यांसाठी आणखी एक. मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानाला मे १९७९ मध्ये आग लागली, फर्निचरच्या विभागातून. १० माणसं गेली. फोम जळताना जो धूर होतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही. अशा आगींनंतर इथे १९८८ साली नियम आले, घरगुती फर्निचरच्या फोमला आणि कापडाला आगीच्या चाचण्या लागल्या. १९५० आधीच्या फर्निचरला त्यातून सूट आहे, कारण त्यात केस आणि काथ्या असतो. काथ्या आणि कापूस धुमसत राहतात, फोमसारखा भडका घेत नाहीत.

थालीपीठ

लेस्टरकर, तुमच्या मुद्द्याचा आदर आहे, पण अलिबागच्या हॉलमध्ये वूलवर्थ्स कशाला आणता?

लेस्टरकर

हॉलमध्ये खुर्चीखाली मच्छरची कॉइल लावतात की नाही?

थालीपीठ

लावतात. :(

चिमणचारा

आमच्याकडे तर निरांजनही खुर्चीच्या हातावर ठेवतात, फोटो काढायला.

सप्रेम

थोडं अवांतर. पूर्वी "डनलपची गादी" म्हणजे श्रीमंती. आमच्या चाळीत एका घरी होती, आणि आम्ही मुलं तिच्यावर फक्त हात दाबून बघायचो. बसायची परवानगी नव्हती.

नानांची_टवाळकी

माझ्या लग्नात रुखवतात डनलपची उशी होती. लग्न टिकलं, उशी गेली.

पेठकर_इंजिनिअर

चिकाचा फोम आजही मिळतो, लॅटेक्स म्हणून. सीटसाठी फार छान, आरपार भोकं असतात त्यामुळे गरम कमी होतो. साध्या फोमच्या जवळपास दुप्पट जड, आणि किंमत विचारू नका. ऊन सोसत नाही, कडक होऊन तडकतो. खिडकीशी खुर्ची असेल तर कापड जाड हवं.

अवनी_के

मंडळी, मधल्या काळात खुर्ची उघडली! दुसऱ्या, वयस्कर काकांनाच बोलावलं. त्यांनी ओसरीवर चादर पसरली, खुर्ची उलटी केली आणि पटाशीने एकेक चूक उपटत बसले. सासूबाई शेजारी स्टूल घेऊन, प्रत्येक थरावर शेरा मारत.

रेक्झिनच्या खाली अजून एक कापड निघालं, मोरपंखी फुलांचं. सासूबाई म्हणाल्या, "हे माझ्या लग्नाच्या वेळचं." त्याखाली कापूस, पण कापूस कसला, करड्या रंगाच्या चकत्या झाल्या होत्या, हातात घेतल्या तर बिस्किटासारख्या तुटत होत्या. मग काथ्या, मधोमध पार भुसा आणि कडेला अजून ताठ. गोणपाटाला गंजाचे नऊ गोल डाग, कारण खाली नऊ स्प्रिंगा. आणि नवारीच्या दोन पट्ट्या मागच्या बाजूने सुटून लोंबत होत्या, दाभणकरांनी म्हटलं होतं तशाच.

आता खरी गंमत. डावीकडे टोचत होती ती स्प्रिंग नव्हतीच. लोकर विणायची सुई होती! हात आणि सीटच्या फटीतून आत गेलेली, काथ्यात आडवी रुतलेली. सासूबाईंनी ती पदराला पुसली आणि म्हणाल्या, "दहा नंबरची. जोडीतली दुसरी अजून डब्यात आहे." इतकी वर्षं आम्ही स्प्रिंगेला शिव्या घालत होतो.

घोड्याचे केस काही निघाले नाहीत. ढेकूणही नाहीत, देवाची कृपा.

उंची मोजली. दांड्याची वरची कड १२ इंचांवर. सासूबाई सध्या दिवाणावर बसून आरामात उठतात, त्याची उंची साडेअठरा. म्हणजे तेवढी तरी हवी.

नानांची_टवाळकी

सुईचा वाद मिटला. आता ती इतकी वर्षं कोणावर ढकलली होती, तो तपशील द्या.

अवनी_के

माझ्यावर नाही, मी तेव्हा या घरात आले नव्हते. नणंदेवर. तिचा फोन येऊन गेला.

दाभणकर

वा, फार बरं वाटलं वाचून. १२ इंचांवर दांडा असेल तर प्लाय आणि फोमचा प्रश्नच मिटला. साडेअठरा गाठायला नुसता फोम सात-आठ इंच लागेल, कारण तो दबणार. एवढा जाड फोम म्हणजे माणूस त्यात डुलतो. स्प्रिंगा ठेवाच. गंज वरवरचा असेल तर काचपेपर मारून लाल रंगाचा हात द्या.

माझ्या मते असं करा. नवी नवार, चांगली जाड, आणि ती ताणायला लाकडी ठोकळा वापरतात का ते बघा. नुसती हाताने ओढून ठोकलेली नवार सहा महिन्यांत झोळी होते. स्प्रिंगा पुन्हा शिवून, आठ बाजूंनी सुतळीने बांधून. सुतळी मेण लावलेली असेल तर गाठी सरकत नाहीत. वर नवं गोणपाट. त्यावर सुटा काथ्या भरून कडा शिवणारा माणूस मिळाला आहे तर सोन्याहून पिवळं, नाहीतर रबराइज्ड काथ्याची इंचभर जाडीची पाटी. ती रबराच्या चिकाने बांधलेली असते, भुसा पडत नाही, आणि हवा आरपार जाते. तिच्या वर दोन इंच फोम, आणि त्यावर कापसाचा हलका थर.

थालीपीठ

अहो, म्हणजे शेवटी फोम आलाच की! :)

दाभणकर

आला, पण पाहुणा म्हणून. घर स्प्रिंगांचं आहे.

वऱ्हाडी_कापूस

आणि कापूस वरती. म्हणजे सगळेच जिंकले.

पेठकर_इंजिनिअर

फोम दोनच इंच असेल तर एचआर ४० घ्या, मध्यम कडक. स्प्रिंगांच्या वर फार मऊ फोम टाकला तर स्प्रिंगांची तोंडं जाणवतात. रीबॉन्डेड, म्हणजे फोमच्या कापट्या चिकटवून दाबलेला तो रंगीबेरंगी प्रकार, इथे नको. तो प्लायवर खालचा थर म्हणून ठीक असतो. स्प्रिंगांवर त्याचा कडकपणा स्प्रिंगांनाच कामाला लावत नाही.

आणि फोम चिकटवताना सोल्युशन फक्त कडेला. काही कारागीर सगळ्या सीटवर फासतात. ते सुकल्यावर त्याचं कडक कवच होतं आणि बसलं की चर्र चर्र वाजतं.

मालवणी_मसालो

वरच्या थराला कापसाऐवजी रेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचा कापूस, का नको? ओल धरत नाही, हलकं असतं, वर्षानुवर्षं फुगलेलं राहतं. दमट हवेचा विचार कर गो.

वऱ्हाडी_कापूस

प्लास्टिकवर बसवता का म्हातारीला?

मालवणी_मसालो

रेक्झिन काय शेतात पिकतं काय?

कोकणकडा

मालवणी मसालो अगदी योग्य ठिकाणी आले. इतका वेळ मी हेच म्हणायची वाट बघत होतो. सासूबाईंचं जे "तापतं" ते फोममुळे निम्मंच, बाकीचं रेक्झिनमुळे. रेक्झिनमधून हवा जात नाही, घाम जात नाही. खाली काथ्या घाला, कापूस घाला की घोड्याचे केस घाला, वर रेक्झिन मारलं की सगळं बंद डब्यात. सध्याच्या खुर्चीतही काथ्या आणि कापूसच निघाला ना? मग त्यांना फोमवर बसायचा अनुभव कुठला?

अवनी_के

विचारलं. नणंदेकडच्या सोफ्याचा. तो रेक्झिनचा आहे. :D

नानांची_टवाळकी

नणंदेच्या खात्यावर आज दुसरा गुन्हा.

अवनी_के

काकांशी बोलले. स्प्रिंगा, नवी नवार, सुटा काथ्या ते स्वतः शिवून भरणार आहेत (पाटी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं ते शब्दांत सांगता येणार नाही). वर दीड इंच एचआर, कापसाचा थर, मांजरपाट. दीड इंच कारण ते म्हणाले काथ्याच नीट भरला की दोन इंच लागत नाही. फोमचा तुकडा मी वजन करून आणला. २२ बाय २२, दीड इंच, ४० डेन्सिटी. ४८० ग्रॅम भरला. बरोबर आहे का?

पेठकर_इंजिनिअर

हिशोबाने ४७५ च्या आसपास यायला हवा. उत्तम. पूड सुटत नाही ना?

अवनी_के

नाही. मुलाची काचेची गोटी सोडून बघितली. ती उसळून कपाटाखाली गेली.

दाभणकर

काकांना माझा नमस्कार सांगा. सीट ताजी भरल्यावर इंच-दीड इंच उंचच वाटली पाहिजे, म्हणजे १९-२० इंच आली तर घाबरू नका. काथ्या महिनाभरात वजनाने बसतो. आत्ताच साडेअठरा करून घेतलीत तर दिवाळीला सतरा होईल.

उंबरठा

पाठीत काय भरताय? त्यावर कोणी बोललंच नाही.

दाभणकर

पाठीला स्प्रिंगा नसतील तर नवार, गोणपाट, आणि इंचभर साधा मऊ फोम पुरे. २८ ची डेन्सिटीही चालते. कमरेच्या जागी अर्धा इंच जास्त द्या, नाहीतर ७४ व्या वर्षी पाठ पोकळ राहते. पैसे सीटमध्ये घाला, पाठीत वाचवा.

अवनी_के

हे छान सांगितलंत. आता शेवटचं. रेक्झिन नको हे ठरलं, पण मग कापड कोणतं? सासूबाईंना खादी हवी, नवरा म्हणतोय डाग पडतील, चहा सांडतो.

थालीपीठ

सुएड. पुसता येतं.

वऱ्हाडी_कापूस

खादी. जाडी खादी. धुता येते.

मालवणी_मसालो

ठोकलेली खादी कशी धुणार, खुर्चीसकट?

चिमणचारा

वरून सुटं कव्हर शिवा. आणि मांजर असेल तर दोन शिवा.

कोकणकडा

कापडासाठी नवा धागा काढा, अवनीताई. इथे रंगावर आले की दोनशे प्रतिसाद होतील आणि काकांचा काथ्या भरून होईल तरी कापड ठरणार नाही.